पोचलेली प्रत

सुरुंग उडाला तेव्हा मुकादम खाणीच्या खालच्या टप्प्यावर उभा राहून डंपरच्या ड्रायव्हरला शिव्या देत होता. डंपर वाकडा लावला होता म्हणून. शेवटची शिवी अर्धीच राहिली. वरचा कडा आधी फुगल्यासारखा झाला, मग सुटला, आणि कपाटाएवढाले धोंडे डंपरवर आणि माणसांवर कोसळले. धुळीतून दिसायला लागलं तेव्हा ड्रायव्हर केबिनमध्ये चेपून गेला होता. भरणी करणारा एक जण कमरेखाली दगड घेऊन ओरडत होता. त्याला बाहेर काढेपर्यंत त्याचं ओरडणं थांबलं होतं. मुकादमाचा चेहरा उरलाच नव्हता. त्याच्या धाकट्या भावाने त्याला कमरेच्या पट्ट्यावरून ओळखलं.

हा धाकटा वरच्या टप्प्यावर ड्रिल मशीन चालवायचा. ज्या भोकांत दारू ठासली होती ती त्यानेच पाडलेली. भोकं भरून झाल्यावर त्याला बाजूला व्हायला सांगितलं, तसा तो झाला. आज वेळ अलीकडे आणली आहे हे त्याला माहीत होतं. खालीही माहीत असणार असं तो धरून चालला. आता तो हातातली ड्रिलची सळई न टाकता भावापासून उठला आणि थेट ऑफिसात शिरला.

ऑफिसात टाचणी फोनवर होती, हॉस्पिटलला दुसरी गाडी पाठवा म्हणून सांगत होती. टाचणी हे तिचं नाव नव्हे. अंगाने बारीक आणि बोलली की टोचणार, म्हणून खाणीत सगळे तिला तसं म्हणायचे, आणि आता तीही त्या हाकेला ओ द्यायची. खाणीचा पत्रव्यवहार तिच्याकडे होता. सुरुंग रोज जेवणाच्या सुट्टीत उडायचा, तेव्हा खाली कोणी नसायचं. वेळ बदलली तरच दोन्ही टप्प्यांच्या मुकादमांना मेल जायचा. पूर्वी भोंगाही वाजायचा. पण भोंग्याची मोटर जळाली आणि मालकाचं "बघू पुढच्या महिन्यात" काही संपेना. त्या दिवशी आभाळ गडगडायला लागलं होतं. विजा चमकत असताना भरलेली भोकं तशीच ठेवणं म्हणजे निखाऱ्याशेजारी झोपणं. म्हणून वेळ अलीकडे आली आणि टाचणीने मेल पाठवला. लाल झेंडेवाला रस्त्यावर उभा राहिला, पण खालची टोळी त्याआधीच क्रशरच्या बाजूने आत उतरलेली होती.

"मेल का नाही पाठवलास?" धाकट्याने विचारलं.

"पाठवला. मी दोघांनाही..."

पुढचं तिला बोलता आलं नाही. त्याने तिचे केस धरून तिचं तोंड टेबलावर आपटलं. दात ओठात घुसला. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा फोन खाली पडला आणि त्यातून हॉस्पिटलची बाई "हॅलो, हॅलो" करत राहिली. टाचणी खुर्चीसकट मागे पडली. त्याने सळई उगारली. ती डोक्यावर येणार म्हणून तिने उजवा हात वर केला, आणि मनगटाच्या वर काहीतरी ओलं लाकूड मोडल्यासारखं वाजलं. दुसरा फटका कोपरावर बसला. तिसरा बसायच्या आत स्टोअरकीपर आणि वॉचमन त्याच्या पाठीवर चढले. काचेच्या केबिनमध्ये मालक उभा होता. तो बाहेर आला नाही.

"हिने मुद्दाम केलं!" धाकटा ओरडत होता. "हिने सांगितलं होतं, डोकं फोडीन म्हणून! अख्ख्या गल्लीने ऐकलंय!"

ऐकलं होतं, हे खरंच. मुकादम टाचणीच्या सख्ख्या ताईचा नवरा. काही दिवसांपूर्वी ताई फाटलेला ओठ आणि सुजलेला डोळा घेऊन तिच्याकडे आली होती. टाचणी तशीच उठली, ताईच्या घरी गेली, दाजीला बाहेर बोलावलं आणि त्याच्या देखत त्याच्या मोटरसायकलचा आरसा दगडाने फोडला. "पुढच्या वेळी बहिणीला हात लावलात तर तुमचं डोकं," असं ती भर गल्लीत म्हणाली होती. दाजीने तिला हाताला धरून फरफटत गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन सोडलं होतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आणि आता त्याचं डोकं खरोखरच दगडाने फुटलं होतं.

हाताला प्लास्टर चढलं. ओठाला टाके पडले. पोलिसांत तक्रार तिने दिली नाही. घराच्या खिडकीची काच कोणीतरी फोडली, दारावर शेण नाही, चिखल नाही, सरळ डांबर ओतलं. ड्रायव्हरचा बाप रस्त्यात समोर आला आणि तिच्यावर थुंकला. तो म्हातारा थरथरत होता, थुंकी त्याच्याच हनुवटीवर ओघळली. टाचणीने तोंड फिरवलं नाही. तिला एकच गोष्ट आतून पोखरत होती: मेल पाठवल्यावर फोन करावा असं तिच्या मनात आलं होतं. मग म्हटलं, त्याच्याशी कशाला बोला, लेखी दिलंय ना.

मालक एकदा येऊन गेला. खुर्चीच्या टोकावर बसला.

"हे बघ, वरच्या मुकादमाला मेल मिळाला. त्याने माणसं हटवली. खालच्याला मिळाला नाही. म्हणजे नाव टाकायचं राहिलं. माणूस आहे, चूक होते. तेवढं लिहून दे, मी सांभाळून घेतो."

"आणि भोंगा?"

"भोंग्याचा काय संबंध?" मालक उठला. "मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

त्याच दिवशी तिने कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. हा माणूस ऑफिसात सगळंच बघायचा, कीबोर्डमध्ये सांडलेला चहा पुसण्यापासून ते मेल बंद पडला की मालकाच्या शिव्या खाण्यापर्यंत. जाडा, घामट, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. तिचं तोंड बघून मात्र त्याला पहिली दोन मिनिटं काही सुचलं नाही. मग त्याने तिचं मेल खातं उघडलं.

"हे काय, गेलाय की. दोन्ही नावं आहेत."

"हेच मी सगळ्यांना सांगतेय. धाकटा म्हणतो, नंतर बनवलं."

"त्याचंही बरोबर आहे," तो म्हणाला. ती भडकणार तेवढ्यात त्याने हात वर केला. "थांब, चावू नकोस. ही तुझ्याकडची प्रत आहे. टपालाच्या पेटीत पत्र टाकलं, एवढंच ही सांगते. पुढे ते कुठे अडकलं, कोणी घेतलं, यात काही नाही. ते पोचलेल्या प्रतीत असतं. मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जातो ना, तेव्हा जो घेतो तो आपला शिक्का मारतो. कुठून आला, कधी आला. त्याला हेडर म्हणतात. एरवी दिसत नाही, उघडून बघावा लागतो. तो कोणाला मागाहून लिहिता येत नाही."

"मग बघा ना उघडून."

"ज्याला पोचला त्याच्या खात्यातच मिळेल तो."

"ज्याला पोचला तो जिवंत नाही."

"त्याचा फोन?"

फोन ताईकडे होता. दगडांतून तो बाहेर आला होता, काच तडकलेली, पण चालू. आणि ताईच्या घरात आता धाकटा मुक्काम ठोकून होता. ताई तिला भेटायला हॉस्पिटलात आली नव्हती. एक निरोपसुद्धा नाही.

"मालकाकडून मेल कंपनीला पत्र दे, ते नोंदी काढून देतील," कॉम्प्युटरवाला म्हणाला.

"मालक देईल?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मग उगाच चष्मा पुसला. "चल, ताईकडे मीही येतो. मला बघून तरी धाकटा सभ्यपणे वागेल."

तो सभ्यपणे वागला नाही.

ताईच्या घरी पुढच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर नातेवाईक बसले होते. टाचणी उंबऱ्यात आली. एक म्हातारी उठून आत गेली. धाकटा भिंतीला टेकून खाली बसला होता, दाढी वाढलेली, डोळे लाल.

"हात एकच मोडला म्हणून आलीस का?" तो उठत म्हणाला.

"भाऊ, फक्त फोन बघायचाय," कॉम्प्युटरवाला मध्ये झाला. "दोन मिनिटांचं काम..."

धाकट्याने त्याला शब्द पुरा करू दिला नाही. ड्रिल पेलणारी मूठ ती. चष्मा मोडला, नाकाचं हाड आत गेलं, आणि तो जाडा माणूस दोन खुर्च्या घेऊन आडवा झाला. धाकट्याने त्याच्या बरगडीत लाथ घातली. दोघा नातेवाइकांनी धरलं तर त्यातल्या एकाला त्याने दारावर भिरकावलं.

"मार!" टाचणी ओरडली. "मलाही मार! पण आधी फोन बघ. त्यात मेल नसेल तर मी इथून हलणार नाही. सगळ्यांच्या देखत मार मग."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. छाती भात्यासारखी हलत होती. "वहिनी," तो आत वळून म्हणाला, "दादाचा फोन आण."

ताई आतून आली. टाचणीने तिला त्या आरशाच्या दिवसानंतर आज पहिल्यांदा पाहिलं. ओठावरची जखम भरून आली होती. तिने बहिणीच्या प्लास्टरकडे पाहिलं आणि नजर लगेच फोनवर नेली. कुलपाची खूण तिनेच बोटाने काढली.

आलेल्या मेलमध्ये तो मेल नव्हता.

"बघा!" धाकटा म्हणाला. "बघा सगळ्यांनी! नाहीये!"

"स्पॅम बघू द्या," जमिनीवरून कॉम्प्युटरवाला म्हणाला. तो भिंतीच्या आधाराने बसला होता, नाकाखाली रुमाल धरून. फोन हातात घेतला तेव्हा रक्ताचा एक थेंब काचेवर पडला. तो त्याने बाहीने पुसला आणि स्पॅमचा कप्पा उघडला. बिनव्याजी कर्ज, लॉटरी, टक्कल घालवणारं तेल, आणि त्यांच्या मधोमध: 'सुरुंगाची वेळ बदलली. खालचा टप्पा ताबडतोब रिकामा करा.'

एका नातेवाइकाने कपाळाला हात लावला.

"हा आत्ता आला असेल," धाकटा म्हणाला. "हिने आत्ता पाठवला."

"तेच बघतोय. फोनच्या ॲपात दिसत नाही, ब्राउझरमध्ये उघडावं लागतं." कॉम्प्युटरवाला मोडक्या चष्म्याची एक काच डोळ्यासमोर धरून बोटं चालवत होता. मेलच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर त्याने दाबलं, खाली आलेल्या यादीतून 'मूळ मेसेज दाखवा' निवडलं. पडदा बारीक अक्षरांनी भरून गेला. "इकडे या, भाऊ. मारू नका, बघा. हे खालून वर वाचायचं. सगळ्यात खालचा शिक्का सगळ्यात जुना. हा आपल्या ऑफिसच्या मशीनचा. वेळ वाचा."

धाकट्याने वाचली. सुरुंगाच्या बरीच आधीची होती.

"त्याच्या वरचा आपल्या मेल कंपनीचा. त्याच्या वरचा तुमच्या दादाचं खातं जिथे आहे त्यांचा. मिनिट बघा, तेच. वाटेत कुठे अडकलेला नाही. आणि हे खाली लिहिलंय ना, पास, पास, पास? पाठवणारा खरा आहे का, याची तपासणी. सर्व्हरला काही खोट दिसली नाही."

"मग कचऱ्यात कसा गेला?"

कॉम्प्युटरवाला मागच्या पानावर गेला. मेलच्या डोक्यावर एक पट्टी होती. त्याने ती वाचून दाखवली नाही, फोन नुसता धाकट्यापुढे धरला. या व्यक्तीला तुम्ही ब्लॉक केलं आहे, असं तिच्यात लिहिलेलं होतं.

"खोटं आहे," धाकटा म्हणाला. आवाज मात्र उतरला होता. "तू आत्ता दाबलंस काहीतरी."

"त्यांनीच केलं," ताई म्हणाली.

सगळे वळले. ती स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी होती.

"आरसा फुटला त्या दिवशी. इथेच बसून. मला शेजारी बसवून बघायला लावलं. म्हणाले, बघ, तुझी बहीण मेली आपल्याला." तिने फोनकडे बोट दाखवलं. "तिचा पत्ता ऑफिसातलाच आहे, कामाचं काही आलं तर, असं मी म्हटलं. तर म्हणाले, टाचणीशिवाय खाण बंद पडते का."

"वहिनी, तुला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"बातमी आली तेव्हाच कळलं मला. काय झालं असेल ते."

"आणि मी हिचा हात मोडला तेव्हा?"

ताईने मान खाली घातली. "ड्रायव्हरचा बाप दारात बसून छाती पिटत होता. त्याला कसं सांगू, की माझ्या नवऱ्यानेच..."

"दादाने मारलं म्हणतेस? दादाने स्वतःला मारलं? त्या दोघांना दादाने मारलं?"

धाकटा तिच्यावर धावला आणि तिचा गळा दोन्ही हातांनी धरून त्याने तिला चौकटीवर आपटलं. एकदा, पुन्हा. तिचं डोकं लाकडावर वाजलं. तिचे पाय जमिनीवरून सुटले. नातेवाईक ओरडायला लागले, कोणी त्याचे हात ओढत होतं, कोणी त्याच्या तोंडावर मारत होतं, पण ती बोटं सुटेनात. ताईच्या डोळ्यांत रक्त उतरायला लागलं. घशातून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता, मग तोही बंद झाला.

टाचणीला टेबलावर इस्त्री दिसली. जुनी, जड. डाव्या हाताने तिने ती उचलली आणि जेवढा जोर होता तेवढ्याने त्याच्या कानावर घातली. तो हलला, पण हात सोडले नाहीत. तिने पुन्हा मारलं. या वेळी कानाची पाळी फाटून लोंबली आणि रक्त मानेवरून शर्टात गेलं. तिसऱ्या फटक्याला तो गुडघ्यांवर आला. ताई गोणी पडावी तशी त्याच्या अंगावर पडली आणि खोकायला लागली. टाचणीने इस्त्री चौथ्यांदा उचलली होती. ती खाली आलीच असती. कॉम्प्युटरवाल्याने बसल्या जागेवरून तिची साडी ओढली.

"पुरे गं," तो म्हणाला. "पुरे, पुरे."

धाकटा जमिनीवर बसून होता. हाताने कान दाबून धरला होता, बोटांमधून रक्त गळत होतं. तो कोणाकडेच बघत नव्हता.

"भोकं मी पाडली," तो म्हणाला. "एकूण एक भोक मी पाडलं. त्याला हाक मारली असती तरी ऐकू गेली असती." मग तो रडायला लागला. त्याला रडायची सवय नसावी. उलटी व्हावी तसे उमाळे येत होते. ताई त्याच्यापासून हातभर अंतरावर गळा धरून पडली होती. दोघांपैकी कोणीच दुसऱ्याला हात लावला नाही.

पोलीस आले. चौकीत एका बाकावर चौघांना बसवलं: एकाचं नाक, एकाचा कान, एकीचा गळा, एकीचा हात. हवालदार त्यांच्याकडे बघून म्हणाला, "एकेकाचा एकेक अवयव घेऊन आलात की." कोणी हसलं नाही, तेव्हा त्याने कागद पुढे ओढला. "याला इस्त्रीने कोणी मारलं?"

"मी," ताई म्हणाली. तिचा आवाज फाटका येत होता.

टाचणीने तिच्याकडे पाहिलं. "ती नाही. मी मारलं."

"मी मारलं," ताई पुन्हा म्हणाली. "मला मारत होता म्हणून मी मारलं. हिचा हात तर मोडलेला आहे."

"डावा धड आहे," टाचणी म्हणाली.

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "तुम्ही आधी ठरवून या." मग धाकट्याला विचारलं, "तू सांग. कोणी?"

धाकट्याच्या डोक्याला पट्टी होती. त्या कानाने त्याला काही ऐकू येत नव्हतं, पुढेही आलं नाही. प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा लागला.

"हिचा हात मी मोडला, ते आधी लिहा," तो म्हणाला.

पुढे त्याला शिक्षा झाली. चौकशीवाल्यांनी तो मेल आणि त्याचं हेडर छापून घेतलं, आणि नुसता मेल पाठवून सुरुंग उडवायचा का, पोचल्याचं उत्तर कोण मागणार होतं, भोंगा कुठे होता, असं मालकाला विचारलं. खाण बंद झाली, मालकावर खटला भरला, तो अजून चालूच आहे. उत्तर मागायला हवं होतं, हे टाचणीनेही त्यांना आपण होऊन सांगितलं. ड्रायव्हरच्या बापाकडे मात्र ताई चौकीनंतर लगेच, स्वतः गेली. तिने सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

तिथून ती टाचणीच्या घरी आली. दारावरचं डांबर अजून पूर्ण निघालं नव्हतं. टाचणीने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"तू एक वाक्य बोलली असतीस," ती म्हणाली, "तर माझा हात वाचला असता. नाही, हात नसताच वाचला, कबूल. पण काच, डांबर, थुंकी... मी इथे एकटी पडून होते, ताई. तोंड धुता येत नव्हतं मला."

"हो."

"हो? एवढंच?"

"दुसरं काय बोलू?" ताई म्हणाली. "आणि काही बोलले तर ते खोटं होईल."

गळ्यावरचे बोटांचे वळ तिने ओढणीने झाकले होते, तरी वरून थोडे दिसत होते. टाचणीने ते पाहिले. आत गेली, पाण्याचा पेला डाव्या हाताने भरून आणला आणि दारातच तिच्या हातात दिला. ताई उभ्या उभ्याच पाणी प्यायली. गिळताना त्रास होत होता, म्हणून वेळ लागला.

"उद्या येऊ?" तिने पेला परत देत विचारलं.

"माझं डोकं अजून ठिकाणावर नाही."

"मी येते. तू दार उघडू नकोस हवं तर."

दुसऱ्या दिवशी ती आली. टाचणीने दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी उघडलं, आणि काही न बोलता स्टुलावर बसून डोकं पुढे केलं. एका हाताने वेणी घालता येत नव्हती. ताईने फणी घेतली. जिथून धाकट्याने केस उपटले होते तिथे अजून दुखत होतं. ताईची फणी तिथे आली तशी टाचणी कळवळून ओरडली, "हळू गं, मारतेस का मला!" आणि ताईची फणी केसांतच थांबली.